गाडीचे स्पेअर पार्ट मालकाला विकूच नयेत म्हणणाऱ्यांना

बागायतदार: काल इथे एकाने लिहिलं की इंजिनचे स्पेअर आणि बिघाड शोधायचे स्कॅनर फक्त ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटरलाच द्यावेत, लोक घरी खोलून इंजिनची वाट लावतात. वाचून डोकं फिरलं. अहो, २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड ठोकला तो याचसाठी ना? स्पेअर खुल्या बाजारात येऊ देत नव्हते, बाहेरच्या मेकॅनिकला स्कॅनर नाही, बाहेर हात लावला की वॉरंटी गेली. मी गेल्या महिन्यात इंजिनचा कॅमशाफ्ट सेन्सर मागायला गेलो तर काउंटरवरचा म्हणतो गाडी आणा, आम्हीच बसवू. गाडी बंद पडलीय बागेत, सेंटर ७० किलोमीटरवर, टोइंगचे पैसे कोण देणार?

गॅरेजवाला: ते मीच लिहिलं होतं आणि अजून तेच म्हणतो. २२ वर्षं गॅरेज चालवतोय. डीईएफ, म्हणजे डिझेल गाडीचा धूर साफ करायला टाकतात ते युरियाचं द्रावण, महाग पडतं म्हणून एका गिऱ्हाइकाने बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या) गाडीत खताचा युरिया पाण्यात कालवून ओतला. तोही नीमकोटेड, कडुलिंबाचं तेल चढवलेला! धूर साफ करणारं एससीआर कायमचं गेलं, आणि वर भांडायला माझ्याकडे.

ब्रश कटर: स्पेअरचं राहू द्या, आम्हाला पंपावर पेट्रोलच मिळत नाही. बाटलीत देत नाही म्हणे. टूटी (2T, टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल पेट्रोलमध्ये कॅनमध्येच मिसळावं लागतं, मग काय गवत कापायचं मशीन खांद्यावर टाकून पंपावर जायचं? सध्या बाइकच्या टाकीतून नळीने तोंडाने ओढून काढतो, दोनदा घशात गेलंय.

नागपूरकर: नाहीच द्यायला पाहिजे. हिंगणघाटला २०२० मध्ये भर रस्त्यात त्या प्राध्यापिकेला पेट्रोल टाकून जाळलं, विसरलात का? तुमचं गवत चार दिवस उशिरा कापलं तर कोणी मरत नाही.

ब्रश कटर: विसरलो नाही आणि असलं तोंड माझ्याशी करू नका. माझ्या घरातही मुली आहेत. पण १९३४ चा पेट्रोलियम कायदा वाचा, विकायचं नसेल तर ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना ठेवता येतं, काचेची बाटली १ लिटरची, धातूचा कॅन २५ लिटरपर्यंत. प्लास्टिक त्यात नाही, मान्य. म्हणून पत्र्याचा कॅन घेऊन गेलो, तरी नाहीच म्हणाला! नाव लिहून घ्या, आधार बघा, पण द्या.

नागपूरकर: नोंद ठेवून देत असतील तर ठीक आहे. बाटलीला माझा विरोधच.

गॅरेजवाला: पेट्रोलचं बास करा आता. ऑइल, फिल्टर, प्लग मालकाला मिळावेत, एवढं मानतो. इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारा भाग) बदलून कोडिंग करायचं, म्हणजे त्याचा कोड गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये टाकायचं काम घरचं नाही.

बागायतदार: मग "विकूच नयेत" असं कशाला लिहिलंत? कोडिंग मला करायचंच नाहीये. दोन बोल्टचा सेन्सर आहे, अजून मिळालेला नाही. तुमच्याकडे असेल तर सांगा, येऊन नेतो, बसवायचं माझं मी बघतो.