मदत हवी आहे: डेबियन ११ वरून १२ केल्यावर उरलेली जुनी पॅकेजेस

फोंड्यातल्या एका वाचनालयाचा डेबियन लिनक्सवरचा सर्व्हर बुल्सआयवरून (११) बुकवर्मवर (१२) नेला आहे. पॅकेजेस सांभाळणाऱ्या एपीटीचं ऑटोरिमूव्ह चालवून झालं, तरी जुनं बरंच शिल्लक आहे. ऑटोरिमूव्ह फक्त आपोआप आलेली आणि आता कुणालाच नको असलेली पॅकेजेस काढतं. हातानं घातलेल्यांना शिवत नाही.

'एपीटी लिस्ट'ला टिल्ड-ओ (कालबाह्यांची खूण) देऊन यादी काढली, तर त्यात तीन जातींची भेसळ दिसते: पीएचपी ७.४ आणि लिबएसएसएल १.१ सारखी खरोखर कालबाह्य. डेब फाईलमधून थेट घातलेला प्रिंटर ड्रायव्हर. आणि अपग्रेडआधी बंद केलेल्या बाहेरच्या रेपॉझिटरीतली (पॅकेजेसच्या साठ्यातली). कुठल्याच चालू रेपॉझिटरीत नसलेलं सगळं एपीटी एकाच माळेत ओवतं. यातला ड्रायव्हर उडाला तर पावत्या बंद, म्हणून सरसकट पर्ज (कॉन्फिग फाईलींसकट काढणं) नको. टिल्ड-सी मध्ये नुसत्या कॉन्फिग फाईली उरलेली पॅकेजेस आहेत; ती सोपी.

खरी अडचण पोस्टग्रेएसक्यूएल १३ या डेटाबेसची. १५ शेजारी बसलंय, पण पुस्तकांच्या नोंदी अजून १३ च्याच क्लस्टरमध्ये (एका सर्व्हरखालच्या डेटाबेसांच्या संचात), पोर्ट ५४३२ वर. १५ चं रिकामं क्लस्टर काढून टाकून मग १३ चा डेटा १५ वर नेणारं पीजी_अपग्रेडक्लस्टर चालवायचं, हा क्रम बरोबर ना? १३ पर्ज करताना डेटा डिरेक्टरीही जाऊ शकते, म्हणून विचारतोय. डेटाबेसचा डंप (बॅकअप प्रत) घेतलेला आहे.

दुसरं, ही भेसळ मूळ रेपॉझिटरीनुसार वेगळी करायला एपीटी-फोर्कट्रेसर (अधिकृत डेबियनबाहेरची पॅकेजेस दाखवणारं साधन) पुरतं, की आणखी काही वापरता?

काम चवथीच्या सुटीत, वाचनालय बंद असताना करायचंय. पावसात वीज जाते, यूपीएस आहे.