हिटर प्लग नवे, तरी सकाळी गाडी स्टार्ट होईना. मदत हवी आहे

घाटाखालचा
नमस्कार मंडळी, थंडी पडल्यापासून सकाळी गाडी स्टार्ट व्हायला जीव काढतेय. सेल्फ मारला की इंजिन फिरतं पण पकडतच नाही, आणि तीच गाडी उन्हं वर आल्यावर एका चावीत चालू. हिटर प्लग (गार इंजिन आतून तापवणारे) दिवाळीच्या सुमारास नवे घातलेत, डॅशबोर्डवरची हिटरची लाइट पेटते आणि वेळेवर विझते पण, तेव्हा कृपा करून प्लग बदला असं कोणी सांगू नका. सत्तरीतल्या केरीहून भाजी भरून उजाडायच्या आत म्हापशाला पोचायचं असतं, शुक्रवारच्या बाजाराला उशीर झाला की बायकांना बसायला जागा मिळत नाही आणि सगळ्यांचा माल माझ्याच गाडीत असतो. मिस्त्री म्हणतो कॉम्प्रेशन गेलंय, म्हणजे आत हवा नीट दाबली जात नाही, इंजिन खोलूया. तेवढे पैसे आत्ता नाहीत. कोणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

फोंडेकर
गाडी कुठली ते तर सांग. सहाचाकी, पिकअप की आणखी काय? सेल्फ मारताना धूर येतो का, येत असेल तर काळा की पांढरा? रात्री चढावर उभी करतोस का? यातलं काहीच लिहिलं नाहीस, नुसत्या अंदाजाने काय सांगणार.

बॅटरीवाला_डिचोली
बॅटरी बघा आधी. रात्रभर उभ्या गाडीला १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला पाहिजे आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरी संपली समजा. थंडीत ऑइल जाड होतं, सेल्फला जोर जास्त लागतो. लोक उगाच प्लगच्या मागे लागतात.

घाटाखालचा
बॅटरी नवी आहे हो, सेल्फ जोरात फिरतो. छोटा हत्ती आहे, जुना, दोन सिलेंडरचा. धूर येतो, पांढरा. सपाटीवरच उभी असते.

घाटमार्ग_पिकअप
डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरतेय. शंभर टक्के. माझ्या पिकअपला हेच झालेलं, रात्रीत डिझेल टाकीकडे परत उतरायचं आणि सकाळी सेल्फ मार मार मारायचा. डिझेल पाइपाच्या जोडावरच्या बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर बदलले, विषय संपला. फिल्टरवर हँडपंप असेल तर तो दाबून मग सेल्फ मार, लगेच पकडली तर हवाच.

जुना_फिटर
हवेचा सल्ला वाईट नाही पण इथे तो बसत नाही. लाइनमध्ये हवा असती तर पहिल्या सेल्फला धूरच आला नसता. पांढरा धूर म्हणजे डिझेल आत पोचतंय, पेटत नाहीये. धुराला कच्च्या डिझेलचा वास येतो का ते बघ, डोळे पण चुरचुरतात. येत असेल तर आत ऊब कमी पडतेय.

पणजी_रायडर
गोव्यात कसली आलीय थंडी? मनालीला असता तर समजलं असतं. माझ्या कॉमन रेल गाडीचे प्लग कधीचे जळालेत, एका झटक्यात चालू होते. प्लगचा संबंधच नाही, इंजेक्टर काढून टेस्ट करून घ्या.

जुना_फिटर
@पणजी_रायडर तुझी गाडी वेगळी, ही वेगळी. कॉमन रेलमध्ये डिझेल सरळ पिस्टनवर उडतं, तेही भयंकर प्रेशरने, म्हणून आपल्याकडच्या थंडीत प्लगवाचून भागतं. छोट्या हत्तीचं ते ७०२ सीसीचं जुनं इंजिन आयडीआय आहे, म्हणजे डिझेल आधी हेडमधल्या लहानशा कोठडीत उडतं. कोठडीच्या भिंती गार असल्या की दाबून तापलेली हवा तिथेच गार पडते. कॉम्प्रेशन रेशो २० च्या वर असून पण असल्या इंजिनाला प्लग लागतोच. आणि घाटाखाली सत्तरीतली पहाट म्हणजे पणजीची पहाट नव्हे.

स्प्रेवाला
एवढं कशाला, एअर फिल्टर काढून स्टार्टिंग स्प्रे मारा, लगेच चालू.

जुना_फिटर
कृपा करून हे करू नका!! त्या स्प्रेमध्ये इथर असतं, हिटर प्लग लालभडक असताना ते आत गेलं की नको त्या वेळी भडका उडतो, रिंगा तुटतात, पिस्टन जातो. इनटेकवर चिंध्या पेटवून धरणारे पण पाहिलेत मी, तेही नको.

कुडचडेकर
आमच्या टिपरना कसले हिटर प्लग पात्रांव, तसेच चालू व्हायचे. २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा रांगेने गाड्या दारात उभ्या राहिल्या, पुन्हा जरा सुरू झालं तर २०१८ मध्ये कोर्टाने ८८ लिजा रद्द केल्या. कितीजणांचे हप्ते थकले, टायर जागच्या जागी कुजले. त्यावर कोणी धागा काढत नाही.

फोंडेकर
दादा विषय खरा आहे, पण त्याला वेगळा धागा काढा, इथे त्याची सकाळची गाडी अडलीय.

नवीन_इथे
बीएस सिक्स गाडीत युरिया संपला तर गाडी बंद पडते का?

घाटाखालचा
कच्च्या डिझेलचा वास येतो, बरोबर. दोन्ही प्लगना करंट देणारी वरची पट्टी काढून मीटरने वायर तपासली, चावी लावल्यावर १२ व्होल्ट येतात. दोन्ही प्लग बॉडीशी धरून मोजले, साधारण एक ओहम दाखवतात. मग आता इंजिनच खोलायचं का?

बॅटरीवाला_डिचोली
१२ येतात म्हणजे लाइन ओके. मिस्त्री म्हणतो ते बरोबर असणार.

जुना_फिटर
थांबा थांबा. प्लग चांगले आहेत, जळालेल्या प्लगला मीटर काहीच दाखवत नाही. पण वायर मोकळी सोडून मोजलेले १२ व्होल्ट काही कामाचे नाहीत. एकेक प्लग सुरुवातीला दहा-पंधरा अँपिअर ओढतो. जॉइंट कुजला असेल तर मोकळ्या वायरवर पूर्ण व्होल्ट दिसतात आणि लोड आला की कोसळतात. पट्टी परत बसव, चावी लाव आणि लाइट पेटलेली असतानाच पट्टीवर मोज. तिथे अकरा तरी पाहिजेत. दुसरं, डॅशबोर्डची लाइट फक्त टायमरचं सांगते, प्लग तापले की नाही हे तिला कळत नाही.

घाटमार्ग_पिकअप
मी अजून सांगतो, वॉशर बदल. चिल्लर खर्च आहे.

घाटाखालचा
पट्टी बसवून मोजलं, सात पण पुरते नाहीत!! मग प्लगना करंट सोडणाऱ्या रिलेपासून वायर हाताने चाचपत आलो. रिलेच्या बोल्टवरचं थिंबल (वायरच्या टोकाची कडी) हिरवं पडलेलं, वायरचं आवरण तिथे फुगून मऊ झालंय, जरा ओढलं तर आतल्या तारा काळ्या आणि अर्ध्या तुटलेल्या. पावसाचं पाणी तिथेच ठिबकत असणार. तेवढा तुकडा कापून नवं थिंबल चेपून घेतलं, बोल्ट पॉलिश पेपरने घासला. आता पट्टीवर साडेअकरा.

फोंडेकर
झकास. पण सकाळी काय होतं ते सांग, संध्याकाळच्या आकड्यावर विश्वास नाही.

घाटाखालचा
आज पहाटे दुसऱ्या सेल्फला पकडली, थोडी थरथरली आणि धूर थांबला. बाजार मिळाला. जुना_फिटर, देव बरें करूं, इंजिन खोलायचा खर्च वाचला. ती थरथर कशाने असेल?

जुना_फिटर
आयडीआय इंजिन गार असताना थोडं थरथरणारच. मिनिटाभरात गेली तर सोडून दे. रिलेचा अर्थिंग बोल्ट पण तसाच घासून घे, आणि प्लग तापल्यावर रिलेला हात लावून बघ, चटका बसत असेल तर आतले पॉइंट गेलेत, मग रिले बदल.

घाटमार्ग_पिकअप
आणि वॉशर.