आईला स्तनाचा कर्करोग झाला होता. मी तपासणी कधीपासून करावी?

प्रश्न (डिचोली): माझ्या आईला ४४व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. गाठ दुखत नव्हती, म्हणून चतुर्थी होईपर्यंत तिने ती कोणालाच दाखवली नाही, आणि त्या उशिराची खंत आमच्या घरात अजून आहे. मी ३६ वर्षांची आहे. काहीच त्रास नसताना तपासणी करून घ्यावी का?

उत्तर (फोंडा): ताई, त्रास नसतानाच करावी. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. आई किंवा बहिणीला हा आजार झाला असल्यास धोका साधारण दुप्पट होतो, आणि अशा घरांत नातलगाच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षे आधीपासून तपासणी सुरू करण्याचा सल्ला पुष्कळ डॉक्टर देतात. म्हणजे तुमची वेळ आलेली आहे. तरुण वयात स्तन दाट असल्याने मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण तपासणीत, गाठ झाकली जाऊ शकते, म्हणून सोबत सोनोग्राफी किंवा एमआरआय लागेल का, हे बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) विचारा.

उत्तर (पेडणे): बीआरसीए जनुकांच्या (ज्यांतील दोषामुळे हा कर्करोग घराण्यात येऊ शकतो) चाचणीबद्दलही विचारा, शक्य असल्यास ती आधी आईची करतात. मात्र शंभरातले ५ ते १० कर्करोगच आनुवंशिक असतात, तेव्हा घरात कोणाला नाही म्हणून इतर भगिनींनी निर्धास्त राहू नये.

उत्तर (मडगाव): पाळी संपल्यावर काही दिवसांनी स्तन मऊ असतात, तेव्हा स्वतः पाहावे. काखेतील गाठ, आत ओढलेले स्तनाग्र, संत्र्याच्या सालीसारखी त्वचा किंवा रक्तमिश्रित स्राव दिसल्यास त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आईंना माझा नमस्कार सांगा.