अनुभव धागा: विकायच्या वस्तूचा फोटो तुम्ही कसा काढता?

काठपदर, दादर

नमस्कार. मी घरातूनच ऑनलाइन साड्या विकते. गेल्या श्रावणात नागपूरला पाठवलेली एक रेशमी साडी परत आली. सोबत चिठ्ठी होती, "ताई, फोटोत जांभळी होती, आली ती राणी." साडी तीच होती. धूपछाव विणीची, उभा धागा जांभळा आणि आडवा राणी, त्यामुळे घडी जशी वळेल तसा रंग बदलतो. मी फोटो एकच काढला होता, समोरून, तोही दिवाणखान्यातल्या पिवळ्या दिव्याखाली. त्या बाईंची काहीच चूक नव्हती. पैसे परत केले, पण दोन दिवस मनाला लागून राहिलं.

हिंदमाताच्या दुकानात माणूस साडी हातावर टाकतो आणि थेट दारात, उजेडात नेऊन दाखवतो. "बघा, असा आहे रंग." तेवढं दाराशी नेणं फोटोत कसं आणायचं? तुमचे अनुभव लिहा. साडीचेच हवेत असं नाही, जे काही विकता त्याचे लिहा. फसलेलेही लिहा.

चाळकरी, गिरगाव

ताई, पहिली गोष्ट म्हणजे फोटो काढताना घरातले सगळे दिवे बंद करा. खिडकीचा उजेड आणि दिव्याचा उजेड एकत्र आले की फोन गोंधळतो. अर्धा पदर निळसर, अर्धा पिवळा. एकच उजेड ठेवलात तर निम्मं काम झालं.

माझ्या बहिणीच्या नथी मी विकते. आमच्या गॅलरीत सकाळी नऊपर्यंत थेट ऊन येत नाही, तेवढ्यात सगळे फोटो उरकते. नथीचा मोती म्हणजे लहानसा आरसाच. एकदा फोटो मोठा करून पाहिला तर प्रत्येक मोत्यात मी दिसत होते, लाल गाऊन, हातात फोन, मागे दोरीवरचे टॉवेल. सोन्याच्या तारेवरही गाऊनचा लाल रंग उतरला होता, सोनं तांबूस दिसत होतं. आता पांढरा कुडता घालूनच बसते. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या तीन बाजू कापून तिथे ट्रेसिंग पेपर चिकटवला आहे. नथ आत, उजेड कागदातून, फोन समोरच्या भोकातून. मोत्यावर आता एक मऊ पांढरा ठिपका येतो, तोच हवा असतो. तो नसेल तर मोती खडूसारखा निर्जीव दिसतो.

आणि फोन नथीच्या फार जवळ नेऊ नका. थोडं मागे सरकून दोनपट झूम करा, नाहीतर पुढचा मोती टपोरा आणि मागची तार बारीक दिसते. मोती केवढा आहे याबद्दल गिऱ्हाइकाचा गैरसमज होतो.

मसालेवाली, लालबाग

आमच्याकडे तिखट आणि गोडा मसाला. तिखटाचा फोटो सगळ्यात अवघड. लाल रंग फोनमध्ये लवकर फुटतो, ढिगाऱ्यातला कण न् कण जाऊन नुसता लाल डाग उरतो. स्क्रीनवर तिखटाच्या जागी बोट दाबून धरायचं, फोकस आणि उजेड लॉक झाले की बोट खाली सरकवून चित्र थोडं काळोखं करायचं. मग दाणा दिसतो, मध्येच एखादं पिवळसर बी दिसतं. घरी कुटलेलं आहे हे त्या बीवरून कळतं, मी ते काढून टाकत नाही.

रंग गडद करायचं अ‍ॅप नातवाने दाखवलं होतं. वापरलं नाही. तिखटाला वरून रंग लावलाय का, हा संशय आधीच गिऱ्हाइकाच्या मनात असतो, तो मी माझ्या हाताने का वाढवू?

पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो प्रत्येकीने टाकावा. घटक, वजन, तारीख, एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) 14 आकडी क्रमांक वाचता आला पाहिजे. तो फोटो लावल्यापासून "ताई, लसूण आहे का त्यात?" असे फोन कमी झाले.

चामडेकाम, धारावी

मी बॅगा करतो. अ‍ॅमेझॉनवर मुख्य फोटोचा नियम कडक आहे: मागे निव्वळ पांढरं, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही रंगांचा आकडा 255, जो कमाल असतो. वस्तूने चौकटीचा 85 टक्के भाग व्यापलेला हवा. वर मजकूर किंवा शिक्का चालत नाही. लांब बाजू 1000 पिक्सेलच्या वर असली की गिऱ्हाइकाला झूम करता येतं.

माझे पहिले फोटो नाकारले गेले, कारण पांढरा कागद राखाडी आला होता. यात कागदाचा दोष नसतो. चौकटीत पांढरं जास्त असलं की फोनला वाटतं उजेड फार झाला, तो आपणहून सगळं काळवंडतो. मसालेवाल्या मावशींच्या उलट करायचं, उजेड वर सरकवायचा. मोठा चार्ट पेपर भिंतीवरून टेबलावर गोलाईत सोडायचा, दुमड पडू द्यायची नाही. बॅग कागदाच्या भिंतीपासून दोन हात पुढे ठेवली की तिची सावली मागे पडत नाही.

बॅगेत वर्तमानपत्राचे बोळे भरा, पण ठासून नाही. बाजारात टम्म फुगवलेल्या बॅगांचे फोटो दिसतात, घरी आल्यावर ती बॅग अंग टाकते. मी दुसऱ्या फोटोत एक लिटरची पाण्याची बाटली आणि डबा आत ठेवून दाखवतो. सेंटिमीटर कुणी वाचत नाही, डबा मावतो का ते बघतात. टाक्यांचा एक फोटो अगदी जवळून, उजेड बाजूने तिरका पाडून. समोरून उजेड मारला की चामड्याचा पोत मरतो. माझ्या वडिलांचं निम्मं आयुष्य त्या टाक्यांत गेलं आहे, ते दिसलेच पाहिजेत.

घर बदलणारा, मुलुंड

मी व्यापारी नाही, घर बदलताना जुनं सामान विकलं. लोखंडी कपाटाला खाली गंज होता, दारावर पोचा. बायको म्हणाली, गंजाचा फोटो आधी टाक. टाकला, शेजारी नाणं ठेवून. जो गृहस्थ आला त्याने घासाघीस केलीच नाही, म्हणाला, "काका, सगळं फोटोत बघूनच आलोय."

एक काळजी मात्र घ्या. कपाटाच्या आरशात आमचा हॉल दिसत होता आणि खुंटीवर मुलीचं शाळेचं ओळखपत्र, नावासकट. शेजाऱ्याने फोन करून सांगितलं तेव्हा तो फोटो काढून टाकला. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशनची नोंद चालू असेल तर तीही बंद करा.

रात्रपाळी, डोंबिवली

नोकरीमुळे मला दिवसाचा उजेड मिळतच नाही, म्हणून एलईडीवर काढते. फोटोत आडवे काळे पट्टे यायचे. फोन बिघडला समजून दुकानात नेणार होते. आपली वीज 50 हर्ट्झची, स्वस्त दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो, तेच पट्टे. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने बदलता येतं) शटर 1/100 किंवा 1/50 सेकंद ठेवलं की जातात. जुलैत दिवसाही अंधारून येतं तेव्हा उपयोगी पडेल.

काठपदर, दादर

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी दिवे बंद करून, खिडकीशी पांढरी चादर लावून तीच परत आलेली साडी पुन्हा घेतली. तीन फोटो काढले: सपाट, घडी डावीकडे वळवून, घडी उजवीकडे. पहिल्यात जांभळी, तिसऱ्यात स्वच्छ राणी. शिवाय पदर हलवतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ. खाली लिहिलं, "उभा धागा जांभळा, आडवा राणी. दोन्ही रंग दिसतील." नागपूरच्या ताईंनाही पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "हे आधी दाखवलं असतंत तर ठेवली असती. अजून आहे का?"

आहे. उद्या पाठवते आहे.

आता जरीचं सांगा कुणीतरी. काठावर उजेड पडला की जर पांढरी होते, आणि काठ सांभाळला की अंग काळं पडतं.