गोठवलेल्या ट्यूमरमधून न्यूक्लिआय (पेशींची केंद्रकं) काढताना पेलेट (तळाशी बसलेला गोळा) चिकट होतो, स्ट्रेनर (बारीक गाळणी) तुंबतो

उणे_ऐंशी:
स्तनाच्या ट्यूमरचा गोठवलेला तुकडा आहे, साधारण 40 मिग्रॅ. सिंगल-सेल डीएनए सीक्वेन्सिंगसाठी 96 वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये एकेक न्यूक्लियस सॉर्ट (यंत्राने वेगळा) करायचा आहे. सध्याची पद्धत: डाउन्समध्ये (काचेच्या हाती होमोजिनायझरमध्ये) घट्ट पेसलने (दांड्याने) 25 फेऱ्या, 0.5% एनपी-40 (पेशीपटल फोडणारं डिटर्जंट) मध्ये 15 मिनिटं, मग ईडीटीए (धातूंचे आयन बांधून ठेवणारं रसायन) घातलेल्या पीबीएसने (फॉस्फेटच्या खारट बफरने) दोनदा धुणं. पेलेट शेंबडासारखा होतो, टिपेला लोंबतो. पेशी सुट्या करताना डीएनेझ (डीएनए कापणारं एन्झाइम) घालतात, तसा इथे घालावा का?

क्रोमॅटिन:
डीएनेझ नको! ज्याचं सीक्वेन्सिंग करायचं त्यालाच कात्री लागेल. तो शेंबूड म्हणजे फुटलेल्या न्यूक्लिआयमधून सुटलेला डीएनए. तोच बाकीच्यांना एकत्र बांधतो. म्हणजे फुटणं थांबवायचं.

पहिला संशय ईडीटीएवर. न्यूक्लियस घट्ट राहतो तो मॅग्नेशियम-कॅल्शियममुळे, आणि ईडीटीए नेमकं तेच ओढून घेतं. 100 मिलि बफर असा करा: सोडियम क्लोराइड 0.85 ग्रॅम, 1 मोलर ट्रिस (पीएच 7.8) 1 मिलि, 1 मोलर मॅग्नेशियम क्लोराइड 2.1 मिलि, 1 मोलर कॅल्शियम क्लोराइड 0.1 मिलि, बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन, चिकटणं कमी करतं) 50 मिग्रॅ, 10% एनपी-40 2 मिलि. बाकी पाणी. सॉर्टिंगच्या आधी डॅपी (डीएनएला चिकटून चमकणारा रंग), 10 मायक्रोग्रॅम प्रति मिलि.

मात्र पेशीतले न्यूक्लिएझही (डीएनए कापणारी एन्झाइम्स) मॅग्नेशियमवरच चालतात. म्हणून सगळं बर्फावर, आणि काढलेले न्यूक्लिआय त्याच दिवशी सॉर्ट करायचे.

दोन_ब्लेड:
40 मिग्रॅसाठी डाउन्सची गरजच नाही. बर्फावरच्या पेट्री डिशमध्ये 1 मिलि बफर घ्या, तुकडा वितळायच्या आत त्यात टाका आणि दोन स्काल्पेलनी बारीक चिरा. रुंद तोंडाच्या टिपेने हळू वर-खाली करून 40 मायक्रॉनच्या स्ट्रेनरमधून गाळा. व्होर्टेक्स (यंत्राने जोरात घुसळणं) अजिबात नको. डाउन्सच हवा असेल तर आधी सैल पेसल 10 फेऱ्या, मग घट्ट 5, फेस न आणता. धुणं टाळता आलं तर टाळा. करायचंच तर सेंट्रिफ्यूज 500 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 500 पट), 5 मिनिटं, 4 अंश.

उणे_ऐंशी:
ट्रिपॅन ब्लूमध्ये (पटल फुटलेल्यांतच शिरणारा रंग) सगळेच निळे दिसतात, व्हायबिलिटी (जिवंत पेशींचं प्रमाण) शून्य. हे ठीक?

क्रोमॅटिन:
तेच हवं. निळं न झालेलं जे दिसेल ती न फुटलेली पेशी. रंगापेक्षा कडा बघा: गोल आणि रेखीव म्हणजे उत्तम, फुगे आलेले, धूसर म्हणजे डिटर्जंटमध्ये जास्त वेळ गेला. मोजणी मात्र डॅपीवर करा, ट्रिपॅनमध्ये कचराही मोजला जातो.

गेटकीपर:
सॉर्टरवर डॅपी लिनिअर स्केलवर ठेवा आणि एरिया विरुद्ध विड्थवर (सिग्नलचं क्षेत्रफळ विरुद्ध रुंदी) जोड्या काढून टाका. चिकटलेले दोन जी1 न्यूक्लिआय (डीएनए दुप्पट होण्याआधीचे, 2एन म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेले) एरियात हुबेहूब 4एन (चार संच) दिसतात. ट्यूमरचा एक आणि साधा एक अशी जोडी एका वेलमध्ये गेली, तर कॉपी नंबर (डीएनएच्या भागाच्या प्रतींची संख्या) अपूर्णांकात येतो आणि नवा क्लोन (ट्यूमरमधला वेगळा पेशीगट) सापडल्याचा भास होतो. 2एनची जागा ठरवायला निरोगी लिम्फोसाइट्सचे न्यूक्लिआय त्याच बफरमध्ये, त्याच डॅपीत आधी चालवा.

तुलनेसाठी प्लेटमध्ये दोन वेल रिकामे, एकात 10 न्यूक्लिआय ठेवा. एका डिप्लॉइड न्यूक्लियसमध्ये डीएनए जेमतेम 6.6 पिकोग्रॅम, म्हणून बाहेरचा थोडासा डीएनएही महागात पडतो. रिकाम्या वेलमध्येही मानवी डीएनए वाढला, तर आधी बीएसए आणि पिपेट तपासा.