मदत हवी आहे: चर्चमधल्या गाण्यांसाठी कॉर्ड्स आणि स्केल नेमकं कसं शिकायचं?

जय ख्रिस्त मंडळी, मी नाशिकचा, शरणपूर रोडजवळच्या आमच्या छोट्या मंडळीत रविवारची उपासना लीड करायला लागलोय. गिटारवर साध्या कॉर्ड्स येतात, सरगम थोडीफार कळते, नोटेशन अजिबात वाचता येत नाही.

पेटीवाले काका म्हणतात काळी दोन धर (म्हणजे डी शार्पचा सा), मी गिटारच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) लावून डीचे शेप वाजवतो, इथपर्यंत जमतं. पण गाणं वर जातं तिथे बायकांचा आवाज पोचत नाही, खाली आणलं तर पुरुष गुणगुणत बसतात. कीबोर्डचं ट्रान्सपोज (सूर वर-खाली सरकवायचं) बटण दाबून बघितलं, अंदाजपंचे चालतं सगळं. इंग्रजी गाण्यांना एक-चार-पाच (सा, म, प वरच्या) कॉर्ड्स बसतात, पण भैरवी रागातल्या जुन्या भजनाला पाचव्या स्वरावरची मेजर कॉर्ड लावली की कोमल नी आणि कोमल रे दोन्हींशी भांडते (आणि म्हाताऱ्या मंडळींची नजर लगेच माझ्याकडे). यूट्यूबवर शोधलं तर सरळ स्टाफ नोटेशनच (पाच रेघांवरची स्वरलिपी) सुरू करतात.

सातपूरला शिफ्ट ड्युटी आहे त्यामुळे रोजचा क्लास जमणार नाही, शनिवारी संध्याकाळी प्रॅक्टिस असते तेवढाच वेळ. परीक्षा वगैरे द्यायची नाहीये, फक्त उपासना नीट चालावी.

तर जाणकारांनी सांगा, सगळ्यांना गाता येईल अशी पट्टी (म्हणजे सा कुठे धरायचा) गाण्याचा सगळ्यात वरचा स्वर बघून ठरवायची की अजून काही बघतात? आणि भैरवीतल्या भजनाला पाचव्याऐवजी कुठली कॉर्ड घेता तुम्ही, की तिथे नुसता सा-प धरून ठेवता?