वडिलांच्या गोळ्या एकावरून नऊवर. वय झालं म्हणून खर्च होणारच का?

सांजवात:
वडील ८१ वर्षांचे. पाच वर्षांपूर्वी रक्तदाबाची एकच गोळी होती, आता नऊ आहेत. गेल्या महिन्यात रात्री लघवीला उठले आणि पडले. खुबा मोडला. ऑपरेशनसाठी ठेव मोडली. आता फिजिओथेरपी, दिवसभर सांभाळायला बाई, आणि माझी नोकरी अर्धवेळ. जो तो म्हणतो, वय झालं की खर्च आलाच. मला ते पटत नाही. यातलं टाळता येण्यासारखं काय होतं?

परिचारिका_निवृत्त:
गोळ्या कोणत्या क्रमाने वाढल्या, ते आठवून लिहा.

सांजवात:
आधी रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन. मग पाय सुजले म्हणून लघवीची गोळी. मग रात्री तीन-चारदा उठावं लागायचं, झोप होईना, म्हणून झोपेची. अरे देवा.

परिचारिका_निवृत्त:
हेच मी वॉर्डात वर्षानुवर्षं पाहिलं. अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात, कारण रक्तवाहिन्या सैलावून पाणी घोट्यापाशी झिरपतं. लघवीच्या गोळीने ती सूज फारशी उतरत नाही. डोस कमी केला किंवा औषध बदललं तर उतरते. पण सूज म्हणजे नवं दुखणं समजून नवी गोळी लिहिली जाते. त्यात झोपेच्या गोळीने तोल जातो.
मनाने काहीही बंद करू नका. घरातली सगळी औषधं, थेंबसुद्धा, एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा, यातलं आता काय नको? हाडांच्या ठिसूळपणाबद्दलही विचारा. एकदा खुबा मोडला की पुन्हा हाड मोडायचा धोका वाढतो.

जमाखर्च:
वयाबद्दल तुमची शंका रास्त आहे. स्वित्झर्लंडमधल्या विम्याच्या नोंदींवरून १९९९ मध्ये असं दिसलं, की उपचारांचा खर्च वयापेक्षा मृत्यू किती जवळ आहे त्यावर जास्त ठरतो. सांभाळण्याचा खर्च मात्र वयाबरोबर वाढतोच. त्यासाठी जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये वेगळा विमा सुरू केला.

सांजवात:
पिशवी घेऊन गेले होते. रक्तदाबाची गोळी बदलली, लघवीची बंद केली, झोपेची हळूहळू कमी करायची आहे. हाडांची तपासणी लिहून दिली, ती आजवर कुणी सुचवलीच नव्हती. बाईंच्या पगाराचं कोडं मात्र तसंच आहे. तुमच्यापैकी कुणी ते कसं निभावलं, सविस्तर लिहाल का?